मद्रास कॉलेज, सेंट अँड्रूज : पद्धत गेली, शाळा राहिली

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी वसलेले सेंट अँड्रूज हे छोटे शहर आपल्याकडे गोल्फसाठी आणि पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या विद्यापीठासाठी ओळखले जाते. याच शहरात ‘मद्रास कॉलेज’ नावाची शाळा आहे. नावात कॉलेज असले तरी ती सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. बारा ते अठरा वर्षांची मुले-मुली तिथे शिकतात आणि तिचा कारभार फाइफ कौन्सिल ही स्थानिक स्वराज्य संस्था पाहते. १८३३ मध्ये ही शाळा उघडली ती एका विशिष्ट अध्यापनपद्धतीच्या प्रसारासाठी. शाळेचे नाव, तिचा पैसा आणि तिच्या देणगीपत्रातील अटी या साऱ्या गोष्टी त्या पद्धतीला बांधलेल्या होत्या. पुढे काही दशकांतच ती पद्धत ब्रिटनभर मागे पडली, शाळा मात्र जवळजवळ दोन शतके टिकली. संस्था ज्या कारणासाठी उभी राहिली ते कारणच नाहीसे झाल्यावर ती कशाच्या आधारावर उभी राहते, हा प्रश्न या प्रकरणात स्पष्टपणे तपासता येतो. मद्रास आणि सेंट अँड्रूज यांच्या देवाणघेवाणीत कोणाच्या पदरात काय पडले, हा दुसरा प्रश्नही त्याला जोडूनच येतो आणि मराठी वाचकाने तो टाळू नये असे मला वाटते.

अँड्रू बेल आणि एग्मोरचे अनाथालय

अँड्रू बेल यांचा जन्म १७५३ मध्ये सेंट अँड्रूज येथेच झाला. वडील न्हावीकाम करीत आणि केसांचे टोप बनवीत, शिवाय शहराच्या कारभारातही त्यांना स्थान होते. मुलगा विद्यापीठात गणित आणि भौतिक तत्त्वज्ञान शिकला, १७७४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात खासगी शिक्षक म्हणून गेला, परतल्यावर चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मोपदेशक झाला आणि १७८७ मध्ये जहाजाने मद्रासला पोहोचला. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या अनेक पलटणींचा धर्मोपदेशक म्हणून त्याला एकाच वेळी नेमणुका मिळाल्या. त्या प्रत्येकीचा पगार वेगळा असल्यामुळे तो थोड्याच वर्षांत बऱ्यापैकी श्रीमंत झाला. सेंट अँड्रूजच्या शाळेच्या पैशाचा उगम शोधताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही, कारण त्या संपत्तीचा पाया कंपनी सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे अखेर दक्षिणेतील रयतेच्या महसुलातून घातला गेला होता.

१७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांसाठी अनाथालय सुरू झाले. तेथील बहुतेक मुलांचे वडील युरोपीय शिपाई आणि आया भारतीय होत्या. बेल यांनी अधीक्षकपद स्वीकारले, त्याचा पगार मात्र घेतला नाही. मुले अनेक होती, पगारी शिक्षक मोजके होते आणि जे होते त्यांना शिकवण्यात रस नव्हता. अशा स्थितीत एका सकाळी घोड्यावरून रपेट करताना बेल यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसली होती, समोर वाळू पसरलेली होती आणि त्या वाळूत बोटाने अक्षरे काढीत ती मोठ्याने म्हणत होती. बेल यांनी ही शाळा ‘मलबारी’ असल्याचे लिहिले आहे. मद्रासचे इंग्रज त्या काळी तमिळ लोकांनाही मलबारी म्हणत असत.

अनाथालयात परतल्यावर त्यांनी वर्णमालेच्या वर्गात वाळू आणण्याचा हुकूम दिला. शिक्षकांनी चालढकल केली आणि शेवटी हे जमणार नाही असे सांगून टाकले. तेव्हा बेल यांनी वरच्या वर्गातील जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाला बोलावले आणि वर्ग त्याच्या हाती दिला. फ्रिस्किन एका साध्या शिपायाचा मुलगा होता. शिक्षकाला जे जमले नव्हते ते त्याने करून दाखवले. मग एकेक वर्ग अशा मुलांकडे सोपवला गेला आणि त्यातून पुढे ‘मद्रास पद्धत’ या नावाने ओळखली गेलेली व्यवस्था आकाराला आली.

या व्यवस्थेची रचना थोडी जवळून पाहावी लागते, कारण सेंट अँड्रूजच्या देणगीपत्राचा गाभा तीच आहे. काठ असलेल्या पाटावर कोरड्या वाळूचा पातळ थर द्यायचा, मुलाने तर्जनीने अक्षर काढायचे, पाट हलवला की वाळू पुन्हा सपाट. कागद, शाई, लेखणी यांचा खर्च वाचे आणि चुकलेले अक्षर मागे उरत नसे. वर्गात मुलांच्या जोड्या लावल्या जात: एक शिकवणारा, एक शिकणारा. त्यांच्यावर सहायक, सहायकावर वर्गाचा बालशिक्षक आणि सर्वांच्या वर एकच प्रौढ गुरुजी. धडे लहान असत आणि आधीचा पक्का झाल्याशिवाय पुढचा मिळत नसे. चांगले उत्तर देणारा रांगेत वर सरके, चुकणारा खाली जाई. छडीऐवजी अपराधांची एक काळी वही होती आणि त्या वहीतील नोंदींचा निवाडा मुलांचेच पंचमंडळ करी. छडीवाचून शाळा चालणे हेच ज्या काळात कोणाला खरे वाटले नसते, त्या काळातली ही मांडणी आहे, आणि बेल यांच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो.

श्रेय कोणाचे?

वाळूवर लिहिण्याची कल्पना देशी शाळेतून घेतली हे बेल यांनी उघडपणे मान्य केले. मुलांनीच मुलांना शिकवण्याची व्यवस्था मात्र आपली स्वतःची आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. प्रत्यक्षात मुलांनी एकमेकांना शिकवणे दक्षिणेत नवे नव्हते. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकात इक्केरीच्या परिसरात हिंडत असताना त्याने एका देवळाच्या ओसरीत चार मुलांना अंकगणिताचा धडा घोकताना पाहिले. एक मुलगा सुरात धडा म्हणे आणि बोटाने वाळूत लिही, बाकीचे त्याच्यामागोमाग म्हणत आणि लिहीत, आणि वाळू भरली की नवी पसरत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांतही धूळपाटी होती आणि मोठी मुले धाकट्यांकडून उजळणी करून घेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तर १८१४ मध्ये बंगालला पाठवलेल्या खलित्यात स्पष्टच लिहिले की, भारतातील गावच्या शिक्षकांची फार प्राचीन काळापासून चालत आलेली शिकवण्याची रीत डॉ. बेल यांच्यामार्फत इंग्लंडमध्ये स्वीकारली गेली, हाच तिचा सर्वांत मोठा गौरव होय. बेल यांचे स्वतःचे काम जोड्या, नोंदवह्या आणि पंचमंडळ यांच्या शिस्तशीर बांधणीत होते, आणि ते खरोखर मोठे होते. तथापि मूळ रीत त्यांनी शोधून काढली असे म्हणता येणार नाही.

१७९६ मध्ये बेल मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मद्रासच्या प्रयोगाचा अहवाल पुस्तिकेच्या रूपाने छापला. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर या क्वेकर, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाच्या, शिक्षकाने जवळजवळ तशीच पद्धत सुरू केली आणि दोघांच्या पाठीराख्यांत श्रेयाचा व धर्मपंथाचा मोठा वाद झाला. १८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पाठिंब्याने ‘नॅशनल सोसायटी’ निघाली आणि बेल यांची पद्धत हजारो शाळांत पोहोचली. १८१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’चे मूळ लांबलचक नावही त्या सोसायटीच्या नावाच्या धर्तीवर ठेवलेले होते. देवळालीची बार्न्स स्कूल ही याच संस्थेची शाळा आहे.

१८३१ चे देणगीपत्र

आयुष्याच्या अखेरीस बेल यांची वाचा गेली आणि ते पाटीवर लिहून संवाद साधू लागले. मूलबाळ नव्हते, पत्नीपासून ते केव्हाच विभक्त झाले होते आणि जमा झालेल्या संपत्तीचे काय करायचे याचा ध्यास त्यांना लागला होता. १८३१ मध्ये त्यांनी १,२०,००० पौंडांचे रोखे विश्वस्तांच्या स्वाधीन केले. या रकमेचे बारा भाग करण्यात आले. सहा भाग, म्हणजे निम्मी रक्कम, सेंट अँड्रूजला मिळाली. एडिंबरा, ग्लासगो, लीथ, अ‍ॅबर्डीन आणि इन्व्हर्नेस या पाच शहरांना प्रत्येकी एक भाग आणि उरलेला एक भाग नौदलाच्या शाळेला. अट एकच होती: या पैशातून ‘मद्रास पद्धती’ची शाळा चालावी. २७ जानेवारी १८३२ रोजी चेल्टनहॅम येथे बेल यांचे निधन झाले आणि त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत झाले.

ज्या मद्रासचे नाव शाळेला दिले गेले, त्या मद्रासच्या वाट्याला या बारा भागांपैकी एकही आला नाही. एग्मोरच्या ज्या मुलांनी ही पद्धत चालवून दाखवली, त्यांच्यासारख्या पुढच्या पिढीसाठी बेल यांनी एक हिस्सा ठेवला असता तर देणगीचा आकार फारसा बदलला नसता. हा निवाडा आजच्या नजरेतून मागे लादलेला आहे, असा आक्षेप यावर येऊ शकतो. पण नाव ठेवताना त्यांना मद्रासची आठवण होती आणि वाटणी करताना राहिली नाही, ही विसंगती त्यांच्या स्वतःच्याच कृतीतून उघड होते.

साउथ स्ट्रीटवरील इमारत

सेंट अँड्रूजमध्ये काम झपाट्याने झाले. साउथ स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर, डोमिनिकन साधूंच्या मठाच्या जागेत, १८३२ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १८३३ मध्ये शाळा भरू लागली. धर्मसुधारणेच्या धामधुमीत १५५९ मध्ये तो मठ उद्ध्वस्त झाला होता. त्याच्या प्रार्थनामंदिराचा एक भग्न भाग शाळेच्या या जुन्या इमारतीच्या दर्शनी आवारात आजही उभा आहे. वास्तुविशारद विल्यम बर्न यांनी सतराव्या शतकातील शैलीत, मधोमध चौक असलेली दगडी इमारत बांधली आणि समोर दोन्ही बाजूंना शिक्षकांची घरे उठवली. ही घरे केवळ राहण्यापुरती नव्हती. बाहेरगावची मुले शिक्षकांच्या घरी राहत आणि त्यांच्या खर्चाच्या पैशातून शिक्षकांच्या उत्पन्नात भर पडे. शहराची जुनी ग्रामर स्कूल आणि इंग्लिश स्कूल नव्या संस्थेत विलीन झाल्या. त्यामुळे मद्रास कॉलेज शहरातील अनेक शाळांपैकी आणखी एक न ठरता थेट शहराचीच शाळा झाले. पुढे जे घडले त्याचे मूळ मला या विलीनीकरणात दिसते.

शाळेचा शहरावर झालेला परिणाम मोठा होता. धर्मसुधारणेनंतर जुने वैभव हरपलेले हे काही हजार वस्तीचे शहर होते. आता स्वस्त आणि चांगल्या शिक्षणासाठी कुटुंबे येऊन राहू लागली. बंगालच्या तोफखान्यात नोकरी करून परतलेले ह्यू लायन प्लेफेअर १८४२ पासून १८६१ मधील मृत्यूपर्यंत शहराचे प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्या नगराध्यक्षासारखे प्रमुख, होते. रस्ते, इमारती आणि गोल्फचे मैदान सुधारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या सुधारणांना जी वाढती वस्ती मिळाली तिच्यामागे ही शाळा हेही एक कारण होते.

पद्धत का टिकली नाही

मॉनिटर पद्धतीचा, म्हणजे मुलांकडूनच मुलांना शिकवण्याच्या या मद्रास पद्धतीचा, सगळा हिशेब प्राथमिक शिक्षणाचा होता. मुळाक्षरे, जोडाक्षरे, पाढे, बेरीज-वजाबाकी हे आठ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या मुलाला शिकवू शकतो. सेंट अँड्रूजच्या पालकांना मात्र आपली मुले विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचायला हवी होती आणि त्यासाठी लॅटिन, ग्रीक व गणित लागे. लॅटिन कवितेचा अन्वय किंवा भूमितीची सिद्धता मुलाकडून मुलाला शिकवून घेता येत नाही. तिथे विषय जाणणारा प्रौढ शिक्षकच हवा. स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांतील शाळांत एकटा विद्वान शिक्षक हुशार मुलाला थेट विद्यापीठासाठी तयार करी, अशी परंपरा होती आणि लोकांचा तिच्यावर विश्वास होता. बेल यांची व्यवस्था या परंपरेच्या विरुद्ध दिशेने जाणारी होती.

विरोध केवळ स्थानिक नव्हता. ग्लासगोमध्ये डेव्हिड स्टो यांनी १८३७ मध्ये शिक्षक तयार करणारी संस्था नव्या इमारतीत उभी केली. संपूर्ण वर्गाशी समोरासमोर बोलणारा प्रशिक्षित प्रौढ शिक्षक हाच शिक्षणाचा कणा आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८४६ मध्ये सरकारने तेरा वर्षांवरील उमेदवार शिक्षकांना पाच वर्षे पगारी शिकाऊ म्हणून तयार करण्याची योजना आणली. तिच्यानंतर फुकटात शिकवणाऱ्या बालशिक्षकांचे युग संपल्यातच जमा होते.

आता देणगीपत्राकडे परत येऊ. अट पद्धतीची होती आणि पद्धत तर मेली होती. अशा वेळी विश्वस्तांपुढे दोन वाटा असतात. अटीच्या अक्षराला चिकटून संस्था मोडकळीस येऊ द्यायची, किंवा अटीचा अर्थ सैल करीत संस्था जगवायची. सेंट अँड्रूजमध्ये दुसरी वाट धरली गेली आणि ती योग्य होती असे माझे स्पष्ट मत आहे. १८८२ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील जुन्या शैक्षणिक देणग्यांच्या अटी नव्याने बांधण्याची सोय झाली, त्यामुळे अशा बदलांना कायद्याचा आधारही मिळाला. बेल यांच्या पैशाचा आणखी एक उपयोग १८७६ मध्ये झाला. त्यांच्या विश्वस्तांनी एडिंबरा आणि सेंट अँड्रूज या दोन विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची प्राध्यापकपदे निर्माण केली. एडिंबरात सायमन लॉरी आणि सेंट अँड्रूजमध्ये जॉन मायकलजॉन ही पहिली नेमणूक झाली. प्रशिक्षित शिक्षकाची गरजच उरू नये या विचारावर उभ्या राहिलेल्या पैशातून शिक्षक घडवण्याचे शास्त्र शिकवणारी पदे उभी राहिली. देणगीदाराच्या अटीपेक्षा त्याच्या हेतूला अधिक मान दिल्यामुळेच हे शक्य झाले.

इतर पाच शहरांशी तुलना केली की चित्र अधिक स्पष्ट होते. लीथमध्ये ग्रेट जंक्शन स्ट्रीटवर बेल यांच्या नावाची शाळा १८३९ मध्ये बांधली गेली आणि तिच्या दर्शनी भिंतीत त्यांचा पुतळाही आहे, पण शाळा म्हणून ती नाहीशी झाली. मोठ्या शहरांत एक-द्वादशांश रकमेतून एखादी छोटी शाळा निघे आणि १८७२ च्या कायद्याने स्कूल बोर्डांच्या, म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळांच्या, शाळा आल्यावर ती त्यांत विरघळून जाई. सेंट अँड्रूजमध्ये पैसा सहापट, वस्ती लहान आणि जुन्या शाळा आधीच विलीन झालेल्या, म्हणून संस्थेचे मूळ शहरात खोल गेले. फाइफमध्येच कूपर येथे बेल यांच्या नावाचा असाच वारसा दिसतो. तेथील मद्रास अ‍ॅकॅडमीचे रूपांतर पुढे बेल-बॅक्स्टर हायस्कूलमध्ये झाले आणि तीही तिथल्या गावाचीच शाळा होती.

दोन जागा, एक शाळा

विसाव्या शतकात शाळा सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेत सामावली गेली. १९६० च्या दशकात स्कॉटलंडने प्रवेशासाठी मुलांची निवड बंद करून सर्वांना एकाच माध्यमिक शाळेत घेण्याचे धोरण स्वीकारले. मद्रास कॉलेज आणि शहरातील बर्ग स्कूल एकत्र आल्या, पटसंख्या वाढली आणि १९६७ मध्ये शहराच्या दक्षिण बाजूला किलरीमाँट येथे नवी इमारत झाली. खालच्या वर्गांची मुले किलरीमाँटला, वरच्या वर्गांची साउथ स्ट्रीटला, अशी विभागणी सुरू झाली ती अर्धशतकाहून अधिक काळ चालली. तासिकांमधून शिक्षकांना एका जागेहून दुसरीकडे धावावे लागे, प्रयोगशाळा व ग्रंथालय दुहेरी ठेवावे लागे आणि बारा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांचा विद्यार्थी क्वचितच दिसे. जिच्या स्थापनेच्या मुळाशी मोठ्याने धाकट्याला शिकवण्याची कल्पना होती, तिच्या बाबतीत ही विभागणी मला विशेष खेदाची वाटते.

एकच इमारत हवी यावर बहुतेकांचे एकमत होते, वाद जागेचा होता. कौन्सिलने शहराच्या दक्षिणेकडील पाइपलँडची जागा निवडली. ती हरितपट्ट्यात येत असल्यामुळे स्थानिक पर्यावरण संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१६ मध्ये कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बांधकामाची परवानगी रद्द केली. पालक कमालीचे नाराज झाले, कारण मुलांची एक पिढी या वादातच शाळेतून बाहेर पडत होती. हरितपट्टा राखण्याचा आग्रह आणि शाळेची गरज या दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अखेर विद्यापीठाशी जमिनीची अदलाबदल झाली: शहराच्या पश्चिमेकडील लँगलँड्सची जागा शाळेला मिळाली आणि साउथ स्ट्रीटची इमारत विद्यापीठाकडे गेली. ‘अ’ श्रेणीची वारसावास्तू असलेल्या त्या इमारतीला शैक्षणिक वापरच मिळाला, ही समाधानाची बाब आहे.

२०२१ मध्ये लँगलँड्सची इमारत उघडली आणि सर्व वर्ग पुन्हा एका छताखाली आले. टेपोर्ट, न्यूपोर्ट, वर्मिट या टे नदीकाठच्या गावांतील मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी बसने सेंट अँड्रूजला यावे लागते, आणि त्या गावांसाठी स्वतंत्र शाळा काढावी अशी मागणी जागेच्या वादात वारंवार पुढे आली होती. नवी शाळा शहराच्या पश्चिम टोकाला असल्याने वायव्येकडील लुकर्स गावाच्या बाजूने येणाऱ्या या बसना आता शहर ओलांडावे लागत नाही. प्रवासाचे अंतर मात्र जवळजवळ तेवढेच आहे, आणि नदीकाठच्या स्वतंत्र शाळेचा प्रश्न या इमारतीने सोडवलेला नाही.